पोरीच्या एअर रायफलचं वजन उतरवता उतरवता

आमचं गाव दारव्ह्याकडचं. मोटार रिवाइंडिंग आन फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे माझं, रायफलशी आपला संबंध म्हणाल तर पोलीस परेडमध्ये दुरून पाहिलेली तेवढाच. पण पोरगी आठवीत असताना शाळेतल्या पीटीच्या सरांनी तिला शालेय स्पर्धेला नेलं, १० मीटर एअर रायफल, आन तिथून जे भूत बसलं ते बसलंच. वर्षभर क्लबच्या रायफलवर शिकली, मग कोच मॅडम म्हणाल्या की आता स्वतःची पाहिजे, दर वेळी दुसऱ्याच्या मापाची रायफल घेऊन पोझिशन बनत नाही.

नवीन मॅच रायफलची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो, उठलोच नाही थोडा वेळ. जर्मन आन ऑस्ट्रियन बनावटीच्या रायफली लाखांत जातात, तेवढ्यात आपल्याकडं चांगली बैलजोडी येऊन वर पैसे उरतात. मग पुण्याकडच्या एका खेळाडूची सेकंडहँड पाहिली, लॅमिनेटेड लाकडाचा स्टॉक (रायफलीचा लाकडी सांगाडा), हवेचं सिलिंडर असलेली. कागदपत्राचं सांगतो, कारण गावात सगळ्यांनी पहिलं तेच विचारलं की लायसन काढलं का म्हणून. ४.५ मिलिमीटर बोअर, म्हणजे नळीचं भोक, आन २० ज्यूलच्या आतली ताकद असली की एअर रायफलला आपल्याकडं शस्त्र परवाना लागत नाही, मॅच रायफलची ताकद तर त्याच्या निम्म्याहून कमी. तरी मी बिल, आधारची झेरॉक्स आन क्लबचं ओळखपत्र कव्हरमध्येच ठेवतो. एसटीत कंडक्टरनं एकदा विचारलंच होतं, "हे लंबं काय हाय भाऊ?" मी सांगितलं पोरीची खेळायची रायफल, तर मागच्या सीटवरची बाई म्हणते, "पोट्टीच्या हाती बंदूक काहून देल्ली बाप्पा!" पोरगी खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

आता मुख्य गोष्ट. रायफल घरी आली, मी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर ४ किलो ९२० ग्रॅम. नियमात बसते, आयएसएसएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची, मर्यादा साडेपाच किलोची आहे. पण नियम मोठ्या माणसालाही तोच आन १३ वर्षांच्या पोरीलाही तोच, आन माझ्या पोरीचं वजन तेव्हा ३८ किलो. म्हणजे अंगाच्या आठव्या हिश्श्याची वस्तू उभ्यानं धरायची, पट्टा लावायचा नाही (१० मीटरमध्ये स्लिंग चालतच नाही), डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून हाडाहाडावर वजन उतरवायचं आन समोर ४५.५ मिलिमीटरच्या टार्गेटमधला अर्ध्या मिलिमीटरचा दहाचा ठिपका मारायचा. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती तर बॉलपेननं कागदावर नुसतं टेकवलं की जेवढं उमटते तेवढं.

पहिले वीस शॉट छान. पंचविसाव्यानंतर खाली वर जायला लागायचे, कंबर मागं झुकायची, तीसनंतर चेहरा लाल. मॅडमनी मला बोलावून दाखवलं की पाहा, हिचं वजन कमी पडते म्हणून ही मागं वाकून रायफल तोलून राहिली, असंच दोन वर्षं केलं तर पाठीचं दुखणं लागेल. मी म्हटलं मग हलकी करू. मॅडम म्हणाल्या, "करा, पण पुढचं करा, आन बॅरल, ट्रिगर, रेग्युलेटरला हात लावायचा नाही." एवढं एक वाक्य मी पाळलं म्हणून आज रायफल शाबूत आहे, कारण दुकानात पाना हातात असला की माणसाला सगळंच खोलावंसं वाटते.

पुढचं का, ते मला पंपावरून समजलं. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन माणूस अर्धा दिवस फवारते, पण दोन किलोची बादली हात लांब करून दोन मिनिटं धरायला लावा, हात कापायला लागते. वजन अंगाजवळ असलं तर हाड झेलते, लांब गेलं की स्नायू झेलते. रायफलच्या तोंडाशी शंभर ग्रॅम कमी केले की मागच्या तीनशेएवढा आराम. मी पाइपाच्या तुकड्यावर रायफल आडवी ठेवून कुठं तोल धरते ते पाहिलं, तिथं पांढऱ्या टेपनं खूण केली. पुढं जे काही बदललं ते प्रत्येक वेळी काटा आन ती खूण, दोन्ही पाहून वहीत लिहिलं. वही उधारीचीच होती, मागच्या पानांवर.

सगळ्यात सोपं काम म्हणजे बॅरलवरच्या वजनाच्या दोन रिंगा काढल्या, ८० ग्रॅमची एक, १६० उतरले, फुकट. मग फोरएंड, म्हणजे डाव्या हाताखालचा पुढचा भाग, त्यालाच हँडगार्डही म्हणतात. तो लाकडी ठोकळा, वर राइजर (हाताखाली उंची वाढवायचा तुकडा) धरून ६४० ग्रॅम. इथं खरी निवड सुरू झाली आन इथंच माझे तीन महिने गेले.

नेटवर शोधायला गेलो तर "लाइटवेट हँडगार्ड" म्हटलं की नव्वद टक्के माल अमेरिकन एआर-१५ छाप रायफलींचा दिसते. त्या रायफली आपल्याकडं सर्वसामान्य माणसाच्या हातात येतच नाहीत, त्यांचा माल आपल्या कामाचा नाही, तरी मी रात्र रात्र पाहत बसलो कारण विचार करण्यासारखं होतं. आधी त्यांच्याकडं चारी बाजूंनी दातेरी पट्टी असलेले हँडगार्ड असायचे, पिकॅटिनी रेल म्हणतात, १९९५ साली त्यांच्या लष्करानं ते माप पक्कं केलं. ते जड व्हायला लागले म्हणून मग लोकांनी पट्ट्याच काढून टाकल्या, नळीला नुसत्या लांबट खाचा पाडल्या, एम-लॉक नाव त्याचं, जिथं काही लावायचं तिथंच छोटी पट्टी कसायची, बाकी नळी पोकळ. दुसरी गोष्ट म्हणजे फ्री-फ्लोट, हँडगार्ड मागं एकाच जागी पकडायचा आन बॅरलला कुठंच चिकटू द्यायचा नाही, म्हणजे हाताचा दाब बॅरलपर्यंत जात नाही. हे दोन मुद्दे मी डोक्यात ठेवले. आन घाईघाईत एक हँडस्टॉप (डावा हात पुढं सरकू नये म्हणून लावायचा तुकडा) मागवला तो पिकॅटिनीचा निघाला, आपल्या मॅच रायफलीखाली टी आकाराची खाच असते, तिच्यात तो बसेच ना. बाराशे रुपये पाण्यात. रेलचं माप कॅलिपरनं मोजल्याशिवाय काहीही मागवू नका, फोटोत सगळं सारखंच दिसते.

कार्बन फायबरचा तयार फोरएंड बाहेरून मागवता आला असता. ॲल्युमिनिअमची घनता २.७, कार्बनची त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, हलकाच हलका. पण भाव, कस्टम, आन आमच्या जुन्या मॉडेलला बसेल की नाही याची कोणी हमी देईना. सोडलं.

मग माझा भाचा, अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणे, "मामा, मी प्रिंट करून देतो ना, थ्रीडी प्रिंटरवर, तुम्ही फक्त मापं द्या." दिली. पोरानं खरंच देखणा बनवला, जाळीजाळीचा, १७० ग्रॅम, पोरीला तर इतका आवडला की तिनं त्याच्यावर स्टिकर लावले. ही गोष्ट एप्रिलची. मे महिन्यात साडूच्या पोरीचं लग्न होतं, त्याच्या आदल्या दिवशी सराव होता म्हणून रायफल कव्हरमध्ये घालून भाड्याच्या गाडीच्या मागं ठेवली, गाडी मंगल कार्यालयासमोर उन्हात. आपल्याकडचा मे म्हणजे ४५, बंद गाडीत तर हात लावता येत नाही. संध्याकाळी उघडून पाहतो तर हँडगार्ड खाली झुकलेला, पिकलेल्या केळ्यासारखा. पीएलए नावाचं ते प्लास्टिक साठेक डिग्रीलाच नरम पडते, हे भाच्याला माहीत होतं म्हणे, पण विदर्भातल्या गाडीत साठ डिग्री होते हे त्याच्या लक्षात आलं नाही. अमरावतीत राहून! मी त्याला काही बोललो नाही, त्याच्या मामीनं सांगितलं फोनवर काय सांगायचं ते.

शेवटी उत्तर माझ्या दुकानाच्या शेजारीच होतं. स्लायडिंग खिडक्या बनवणारा फॅब्रिकेशनवाला, त्याच्याकडं ॲल्युमिनिअम सेक्शनचे तुकडे पडलेले असतात. त्याला म्हटलं भाऊ, मले असा चौकोनी पोकळ तुकडा पाहिजे, दोन मिलिमीटर जाडीचा. त्यानं ढिगातून काढून दिला, पैसे घेतले नाहीत, वर म्हणे, "बंदुकीले खिडकी बसवून राहिला का बे?" खालच्या बाजूला एम-लॉकवाल्यांची युक्ती लावली, सलग रेल न लावता हात टेकतो तेवढ्याच जागी टी-खाचेचा छोटा तुकडा कसला, बाजूंना भोकं पाडली, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. राइजर सकट २९० ग्रॅम. ६४० वरून २९०. त्या दिवशी मी बायकोला दोनदा काटा दाखवला.

आन पहिल्याच सरावात ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, डावीकडं गेला. साइट हलवली, परत आला, पुढच्या शॉटला परत डावीकडं. आमच्यात वाद झाला, मी म्हणतो तू ट्रिगर ओढतेस, ती म्हणते बाबा तुमचा डबा हलते. डबा म्हणाली! घरी येऊन दहाची नोट हँडगार्ड आन बॅरलच्या मधून सरकवून पाहिली तर एका जागी अडकली. पोरगी बरोबर होती, हाताचा दाब आला की पत्रा वाकून बॅरलला शिवत होता, म्हणजे फ्री-फ्लोट फक्त माझ्या डोक्यात होतं, रायफलीत नव्हतं. आतून दीड मिलिमीटर घासलं, मागच्या पकडीचे दोन बोल्ट लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा डिंक) लावून कसले. जास्त पण कसायचे नाहीत, ॲल्युमिनिअमचे आटे लगेच जातात. नोट आता शेवटपर्यंत सुळकन जाते, स्पर्धेला निघण्याआधी दर वेळी फिरवून पाहतो.

वरच्या बाजूचं काम थोडक्यात सांगतो. आधीच्या मालकानं मागची पीप साइट (बारीक भोकातून पाहायची) आन पुढची साइट दोन्ही स्टीलच्या ठोकळ्यांवर उंच केल्या होत्या, दोन्ही मिळून १५० ग्रॅम. ओळखीच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनिअमचे केले, ५५ झाले, आन उंची पण कमी केली, कारण पोरीची मान लहान. साइट जितकी उंच तितकी रायफल जरा जरी तिरपी झाली तर शॉट जास्त भरकटतो, आन पोरांना सरळ धरायचीच सवय लागायची असते. पुढचा आन मागचा ठोकळा एकाच उंचीचा पाहिजे, नाही तर साइटचे क्लिक संपतात पण गोळी टार्गेटवर येत नाही. गालाचा टेकू मग तेवढाच खाली.

एकूण ४ किलो ३१५ ग्रॅम. मी खूश. मॅडम पण खूश. पोरगी नाही. म्हणे थकत नाही आता, पण हलकी झाल्यापासून उडते, थांबतच नाही, ट्रिगरवर बोट गेलं की टोक फडफडते. आधी ती हळू डुलायची, आता भुर्रभुर्र. मॅडमनी सांगितलं की होते असं, टोकाला थोडं वजन असलं तर त्या जडपणानंच हालचाल संथ राहते, तुम्ही सगळंच काढून टाकलं. म्हणजे तीन महिने जे काढायसाठी धडपडलो त्यातलं थोडं परत लावायचं. ८० ची एक रिंग परत चढवली, पण तोंडाशी नाही. बॅरलवर दोन-दोन सेंटिमीटर सरकवत गेलो, प्रत्येक जागी दहा शॉट, वहीत आकडे. पंख्याखाली, अंगात ते जाड शूटिंग जॅकेट, जूनची उकाड, पाऊस यायचा पत्ता नाही, पोरीनं तक्रार केली नाही एकदाही, मीच दोनदा म्हटलं बस कर आता. हँडगार्डच्या टोकापासून एक वीत पुढं रिंग आली तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "इथं राहू द्या." टेपची खूण पाहिली तर तोल आधीपेक्षा चार बोटं मागं आला होता. ४ किलो ३९५ वर थांबलो.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ४० शॉटमध्ये ३८४ आले, मागच्या वर्षी ३७१ होते. त्यातलं किती रायफलीमुळं आन किती तिच्या मेहनतीमुळं हे मी सांगू शकत नाही, पण शेवटचे दहा पहिल्या दहापेक्षा चांगले होते, ते मी पेन्सिलनं गोल करून ठेवले.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक राहिलंच. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, ती सौदा करायच्या आधी वाचा, मी नंतर वाचली. २०० बारचा दाब असतो आत, कंपन्या दहा वर्षांनंतर वापरू नका म्हणतात, मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेत उभं राहता येत नाही. आमच्यावाल्याचं पुढच्या वर्षी संपते. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. आन पोरगी या वर्षात चार सेंटिमीटर वाढली, बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, मागं घ्यावी लागेल, ती मागं घेतली की तोल परत सरकणार, म्हणजे रिंग परत हलवायची. वही शोधून ठेवली आहे. सिलिंडरचं कापूस विकला की पाहू.