हत्तींच्या मागे केनियाला: आधी शेतात, मग सफारीत

२०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. त्याच हंगामात एका रात्री आमची दीड एकर बांधी तुडवली गेली. धान कापून कडपे पडलेले होते. वाघाची आम्हाला सवय आहे. वाघ आला तर काय करायचं हे पोरंसुद्धा जाणतात. हत्तीचं मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं. बाबा माळ्यावर जागल करत टेंभे पेटवायचे, तर वनरक्षक म्हणाले, "डिवचू नका जी, उलटा येईल." मग करायचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या हिवाळ्यात कुठंतरी वाचलं, की केनियात त्सावो या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचे शेतकरी मधमाश्यांच्या पेट्या टांगून हत्ती अडवतात. चिडलेल्या माश्यांचा नुसता आवाज ऐकवला तरी हत्ती पळतात, हे ल्युसी किंग या संशोधिकेनं २००७ साली दाखवलं होतं. ते डोक्यातून जाईना. महिनाभर अशा शेतांवर स्वयंसेवक म्हणून राबायचं आणि शेवटचे तीन दिवस त्सावो पाहायचं, असं ठरवून मी तीन वर्षं भिशी भरली. आई म्हणाली, "हत्ती पाहासाठी इतक्या दूर काहून जातेस, बाई? इथंच आले ना ते." तिला म्हटलं, हत्ती पाहायला नाही, त्यांच्यासोबत राहणारी माणसं पाहायला चालले.

पासपोर्टचं काम नागपूरला झालं, फी १,५०० रुपये. खात्याची परवानगी मिळायला वेळ लागला, पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे रजेचा प्रश्न आला नाही.

संस्था निवडताना मात्र फार सावध राहावं लागलं. आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून या, सिंहाचे छावे कुशीत घ्या, बाटलीनं दूध पाजा, अशा जाहिराती ढिगानं दिसतात. त्या फोटोंना भुलू नका. माणसाच्या हाताळणीत वाढलेला सिंह पुन्हा रानात सोडता येत नाही, आणि दक्षिण आफ्रिकेत असे कितीतरी सिंह मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकले गेले आहेत. मी प्रत्येकाला एकच प्रश्न लिहून पाठवायची: मी आले नाही तर हे काम गावातलं कोण करेल? ज्यांनी सरळ उत्तर दिलं, त्या एका छोट्या गटाकडे मी गेले.

मग परवान्याचा घोळ झाला. जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसा बंद केला. आता ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. आमच्या एजंटानं छातीठोक सांगितलं, "मॅडम, यावरच सगळं होतं, काम करणार हे लिहूच नका." मला ते पटलं नाही. मी यजमान गटाला विचारलं. ते म्हणाले, ही परवानगी फिरण्यापुरती आहे. बिनपगारी काम असलं तरी इमिग्रेशन खात्याचा वेगळा पास लागतो आणि त्यासाठी अर्ज आम्हीच इथून करायचा. सात आठवडे गेले. तिकिटाची तारीख बदलावी लागली, दंड भरला. तरी सांगते, हे खोटं लिहून करू नका. पगार नाही म्हणजे ते काम नव्हे, असं आपल्याकडे सहज म्हणतात. तिथल्या कायद्याला तसं वाटत नाही.

पिवळ्या तापाची लस ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते. एका कुपीत बरेच डोस असतात, त्यामुळे नोंदणी करून ठरलेल्या दिवशीच जावं लागतं. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. ते पिवळं कार्ड हरवलं तर परत येताना भारतातच सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू केल्या. शेवटच्या रात्री बॅग पुन्हा भरावी लागली, कारण केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे. आईनं बांधून दिलेला चिवडा डब्यांत गेला.

मुंबईहून नैरोबी आणि तिथून रेल्वेनं वोई. ही नवी लाइन त्सावोतून जाते आणि तिच्या खालून हत्तींना जायला मोठे बोगदे ठेवलेत. आमच्या गोंदिया–बल्लारशा लाइनवर गाडीखाली मेलेले वाघ आठवले, आणि बराच वेळ काही बोलवलं नाही. जुन्या लाइनचीही एक आठवण तिथं सगळे सांगतात: १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना खाल्लं. त्यात आपल्या देशातून नेलेले मजूर होते.

गावात मला "म्वालिमू" म्हणायचे, म्हणजे शिक्षक. ज्यांच्या घरी उतरले होते त्यांना सगळे "मामा" म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई. दुका, गारी, पेसा, चपाती हे शब्द ऐकून परकेपणा पहिल्या दिवशीच गेला. काम साधं आणि मेहनतीचं. खांब रोवायचे, दर दहा मीटरवर पेटी टांगायची, एकाआड एक खऱ्या पेटीऐवजी नुसती खोटी फळी लावायची, सगळं एका तारेनं जोडायचं. हत्तीनं तार ढकलली की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर पडतात. हत्तीची कातडी जाड, पण डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत डंख बसला की सहन होत नाही. मी रोज पेट्या तपासायची, मुंग्या लागू नयेत म्हणून तारेला ग्रीस लावायची, सकाळी पायांचे ठसे मोजायची.

एका सकाळी तारेच्या बाहेर ठसे आले आणि तिथूनच परत वळले होते. मामांनी माझा हात धरला. आत मका उभा होता. मी रडले, कारण मला आमची बांधी दिसत होती.

पण सगळे हत्ती थांबत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. दुष्काळात फुलं नसली की माश्या पेट्या सोडतात आणि कुंपण नुसतं तारेचं उरतं. मामांच्या शेजाऱ्याचा मका त्याच आठवड्यात गेला. मधाचे पैसे मिळतात, म्हणून लोक पेट्या टिकवून धरतात.

सफारी शेवटी ठेवली हे फार बरं झालं. वोई गेटमधून आत गेलो. त्सावोची माती लाल, तीच अंगावर उडवून घेतलेले हत्तीही विटेसारखे लाल. आपल्याकडे सुळे फक्त नरांना. इथं माद्यांनाही होते. अरुबा धरणावर चाळीस-पन्नास हत्ती पाण्यात उभे होते, पिल्लं आयांच्या पोटाखाली. गाडीतले बाकीचे फोटो काढत होते. मी एका म्हाताऱ्या मादीच्या फाटक्या कानाकडे पाहत होते आणि ती रात्री कुणाच्या शेताकडे जाईल हा विचार करत होते. लांब मानेची गेरेनुक हरणं मागच्या पायांवर उभी राहून पाला खाताना दिसली. सिंह तिसऱ्या दिवशी दिसला, आयाळ जवळजवळ नसलेला.

रोवणीच्या वेळी घरी परतले. बाबांनी विचारलं, "आपल्या सातेरी माश्या तेवढ्या चिडतात का?" नाही, त्या पुष्कळ शांत आहेत. पण कर्नाटकात कोडगूला २०२१ पासून मधपेट्यांनी हत्ती अडवायचा प्रयोग झाला आहे. आमच्या बचत गटातल्या सहा जणींनी जंगलाकडच्या बांधावर दहा पेट्या लावायचं ठरवलंय. वनखात्याकडे अर्ज दिला आहे. खांब बाबांनी तोडून ठेवलेत.