सुरत पासिंगची डर्ट एक्सपल्स एमएच-१९ वर आणताना : आजवरचं काम

सुरतेत नोंदलेली, फक्त डर्ट ट्रॅकवर पळवलेली एक मोटरसायकल पुन्हा रस्त्यालायक करून जळगावच्या क्रमांकावर (एमएच-१९) आणायची आहे. गाडी हीरो एक्सपल्स २००, २०१९ ची, बीएस-४, इंजेक्शनवाली. आधीच्या मालकाने डर्ट ट्रॅकसाठी पार सोलून काढलेली. हेडलाइटच्या जागी प्लास्टिकची स्पर्धा क्रमांकाची पाटी. मागे टेललाइट नाही. आरसे, हॉर्न, इंडिकेटर, साडीगार्ड, मागच्या माणसाचे फूटरेस्ट, ग्रॅब रेल सगळं उतरवलेलं. एबीएसला (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बगल देऊन ब्रेकची नळी थेट कॅलिपरला जोडलेली, सायलेन्सर फ्री-फ्लो (आवाज फारसा न अडवणारा), फोर्क (पुढचे शॉकअप) बाहेरून आणलेले लांब. सोबत मूळ भागांची दोन पोती आणि चालू आरसी. पोत्यांत काही कमी निघालं तर बाजारात मिळतं, आरसी मिळत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

आरसी नसलेल्या गाडीचं काय?

परदेशी व्हिडिओत लाइट किट, आरसे आणि हॉर्न लावून निव्वळ डर्ट बाइक रस्त्यावर आणतात. आपल्याकडे ती वाट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे त्या मॉडेलची चाचणी एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत आधीच झालेली असावी लागते. त्याच जोरावर कंपनी नमुना २२ (गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) देते, आणि तो नसेल तर नवीन नोंदणीचा अर्जच पुढे सरकत नाही. कावासाकी केएक्स, केएलएक्स १४० किंवा सुझुकी आरएम-झेड या गाड्या भारतात विकल्याच गेल्या त्या ट्रॅकसाठी. त्यांचं बिल पक्कं असतं, पण बिल म्हणजे नोंदणीचा हक्क नव्हे. नावावरूनही फसायला होतं: केएलएक्स २३० रस्त्याची आहे, केएलएक्स २३० आर एस नाही. "लाइट लावून देतो, पासिंगचं मी बघतो" म्हणणाऱ्या एजंटाकडे आधी त्या चेसिसचा नमुना २२ मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

म्हणून कंपनीने रस्त्यासाठीच विकलेली, एकदा नोंदणी झालेली गाडी घ्यायची आणि ती मूळ रूपात परत न्यायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मालकाला कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. कलम १८२-अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड बदलागणिक आहे, हे सोललेल्या गाडीच्या मालकाने विशेष लक्षात ठेवावं.

सुरतेकडचे कागद

खान्देशातली निम्मी घरं सुरतेशी बांधलेली, त्यामुळे जीजे-०५ च्या गाड्या इकडे सर्रास दिसतात. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर कलम ४७ प्रमाणे इथला क्रमांक घ्यावाच लागतो.

सौदा करण्याआधी परिवहन पोर्टलवर आरसी सक्रिय आहे का, कर्जाचा बोजा आहे का, ई-चलन थकलंय का, हे पाहायचं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि तो उतरवण्याचा नमुना ३५ लागतो. मग मूळ कार्यालयातून नमुना २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला). त्यासाठी विमा आणि पीयूसी चालू हवी. ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाइलवर जातो, त्यामुळे त्याचं सिमकार्ड जिवंत आहे तोवर हे काम उरकून घ्या. पैसे देऊन गाडी आणली आणि ओटीपी मागायला फोन लावला तर तो बंद, हे दुखणं फार जुनं आहे.

एनओसीवर पुढचं कार्यालय लिहिलेलं असतं. राहता पत्ता आणि ते कार्यालय जुळलंच पाहिजे. धुळे एमएच-१८, जळगाव एमएच-१९, नंदुरबार एमएच-३९. चाळीसगावला आता स्वतंत्र कार्यालय आहे, एमएच-५२. अमळनेर-पारोळ्याकडचा माणूस धुळ्याला जवळ असतो म्हणून एनओसी धुळ्याच्या नावे काढून बसतो. मग ती बदलून आणायला पुन्हा सुरतेची वारी.

इकडे नव्या क्रमांकासाठी नमुना २७, हस्तांतरणासाठी २९ आणि ३०, एनसीआरबीचा (गाडी चोरीची नसल्याचा) अहवाल, पत्त्याचा पुरावा आणि चेसिसचा पेन्सिल ठसा. शुल्क किरकोळ आहे: नवा क्रमांक ३०० रुपये, हस्तांतरण १५०, स्मार्ट कार्ड २००. खरा भार महाराष्ट्राच्या एकरकमी कराचा. तो गाडीच्या वयानुसार पोर्टलच काढून देतं. त्याची पावती जपून ठेवायची, कारण गुजरातमध्ये भरलेल्या कराच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागताना तीच लागते.

लाइट नसलेली गाडी सुरतेहून नवापूरमार्गे चालवत आणायची नाही. ताप्ती लाइनवर रेल्वे पार्सल आहे; टाकी पूर्ण रिकामी करायची, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती द्यायच्या. पोती बरोबर असतील तर टेम्पो सोयीचा.

चेसिस नंबर

फ्रेमला पावडर कोटिंग करायचा मोह सगळ्यांना होतो. आधी स्टिअरिंगच्या मानेवरचा नंबर बघा. सँडब्लास्टिंगने अक्षरांच्या कडा झिजतात आणि वरून कोटिंगचा थर खाचा भरून काढतो. मग पेन्सिल घासली तरी कागदावर काही उमटत नाही, आणि अस्पष्ट नंबर म्हणजे निरीक्षकाच्या मनात पहिला संशय. कोटिंगवाल्याकडे पाठवण्याआधीच त्या पट्टीवर उच्च तापमानाची टेप दुहेरी लावून द्या. आपल्या गाडीला कोटिंग केलेलं नाही. मानेवर वाळलेला चिखल रॉकेलमध्ये भिजवून नायलॉनच्या ब्रशने काढला. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर तिथे कधीही फिरवू नये. ठसा पातळ कागदावर, मऊ पेन्सिलने, एकाच दिशेने घासून घ्यायचा. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. ओसारखं दिसलं तर ते शून्यच. अर्जात ही चूक झाली की पोर्टल गाडी सापडत नाही म्हणतं.

वायरिंग

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. सोलणाऱ्याने कपलर न काढता वायरी कटरने छाटलेल्या. मूळ हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) पोत्यात होता, पण हेडलाइटकडची फांदी गेलेली. ती नव्याने बांधली.

जोड सोल्डरचे न करता क्रिम्प केले, म्हणजे धातूची नळी दाबून बसवली. सोल्डरची वायर जिथे कडक भाग संपतो तिथे कंपनाने तुटते, आणि अशा गाडीला कंपनाची कमी नाही. वरून गोंदवाली हीट-श्रिंक नळी. काळी इन्सुलेशन टेप जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात टिकत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो. बाहेरून कापडी हार्नेस टेप गुंडाळावी. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायरीला एक सैल वळसा ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवून पाहायचं. ताण दिसला तर वळसा वाढवायचा.

हेडलाइट मूळच लावला. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत दिवा पेटता राहावा लागतो, म्हणून बंद करायचं बटण मध्ये घालायचं नाही. ब्रेक लाइट पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पेडलने, दोन्हींनी लागला पाहिजे. डर्टवाले पुढचा स्विच हमखास काढून टाकतात. मागचा स्विच पेडल थोडं दाबताच लागेल असा नटाने जुळवायचा. इंडिकेटर एलईडी लावले तर भार कमी होतो आणि मूळ फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) झपाझप उघडझाप करतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवला की वेग ताळ्यावर येतो. नंबरप्लेटवरचा पांढरा दिवा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर या दोन वस्तू सगळे विसरतात. मागचा नंबर रात्री १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे, असा नियम आहे.

सगळं जोडल्यावर दिवे पेटते ठेवून बॅटरीवर मीटर लावला. ४००० आरपीएमच्या आसपास १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर आधी अर्थची वायर (ग्राउंड) फ्रेमला जोडते ती जागा खरवडून बघा, रेग्युलेटरला नंतर दोष द्या.

एबीएस

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. या गाडीला ते फक्त पुढच्या चाकाला. मॉड्युलेटर (एबीएसचं मुख्य युनिट) परत बसवताना प्रत्येक बँजो बोल्टला (ब्रेकची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) दोन नवे तांब्याचे वॉशर लागतात; जुने पुन्हा वापरले की झिरपतं. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच. युनिट बराच काळ कोरडं पडलेलं असेल तर नेहमीच्या ब्लीडिंगने (ऑइल सोडत हवा काढण्याने) आतली हवा निघत नाही आणि लिव्हर स्पंजसारखी राहते. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर जोडून पंप फिरवून घ्यावा लागतो, मग पुन्हा ब्लीडिंग.

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी धावली की विझला पाहिजे. न विझल्यास पहिला संशय चाकावरच्या दातेरी कड्यावर. तापीकाठच्या काळ्या मातीचा चिखल त्या फटीत बसतो आणि वाळून दगड होतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने उकरू नका, कडं वाकतं. भिजवून पाण्याने काढा. दिवाच काढून टाकण्याची युक्ती तपासणीत लगेच उघडी पडते, कारण चावी फिरवताच तो लागतोय का, हेच आधी पाहतात.

आवाज, धूर, उंची

१७५ सीसीवरच्या दुचाकीला मान्यता-चाचणीत आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. फ्री-फ्लो त्यात बसत नाही, शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. जुना मूळ सायलेन्सर घेताना आतून टॉर्च मारून जाळी शाबूत आहे का पाहा, आणि रबरी हातोडीने टकटक करा. खुळखुळला तर जाळी फुटलीय. हेडर गॅस्केट नवीनच घाला, नाहीतर गळतीतून आत शिरलेल्या हवेने ऑक्सिजन सेन्सरचं वाचन बिघडतं आणि पीयूसीचा आकडा वर जातो. इंजेक्शनला जोडलेली जादा पेट्रोल सोडणारी पेटी असेल तर तीही काढायची.

लांब फोर्क उतरवून मूळ १९० मिमी ट्रॅव्हलचे (वर-खाली दबण्याच्या अंतराचे) बसवले. लांब फोर्कवर साइड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलते आणि मऊ जमिनीत आडवी होते. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला नकारासाठी आयतं कारण मिळतं, ते वेगळंच. टायर पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८. ज्या नॉबी (मोठ्या गुठळ्यांच्या) टायरवर महामार्गासाठी नाही असा शिक्का आहे, तो तोरणमाळच्या घाटात कितीही चांगला पकडला तरी चालत नाही. आणि नंबरप्लेट लागली म्हणून यावल अभयारण्याच्या पायवाटा खुल्या झाल्या असं नाही. तिथे वन खात्याचं राज्य.

मागच्या सीटचे फूटरेस्ट, हाताची पकड आणि मागचं चाक निम्मं झाकणारं साडीगार्ड नियम १२३ मध्ये आहे. दिसायला कसंही असो, लावायचं.

सध्या कुठे आहे

मागच्या नंबरप्लेटचा ब्रॅकेट सोडला तर गाडी पूर्ण झाली, एनओसी आली, कर भरला, तपासणीची वेळ घेतलेली आहे. विमा निदान थर्ड पार्टी चालू ठेवायचा. १५० ते ३५० सीसीसाठी २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला १३६६ रुपये आहे. हस्तांतरणानंतर चौदा दिवसांत तो नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा.

क्रमांक हाती पडला की उच्च सुरक्षा नंबरप्लेट: मागे २०० × १०० मिमी, पुढे २८५ × ४५. मागचा मूळ ब्रॅकेट पोत्यात नव्हता, तो मागवलाय. छोट्या टेल टायडीवर (बाजारात मिळणारा आखूड ब्रॅकेट) बसवायला प्लेट वाकवली की वरची फिल्म तडकते, आणि चाक पूर्ण वर आलं की टायर तिला घासतो. स्नॅप-लॉक रिव्हेट एकदाच बसतात, त्यामुळे ब्रॅकेट आल्याशिवाय प्लेट लावायला जायचं नाही. पीयूसी जुन्या क्रमांकावर आहे, ती नव्या क्रमांकावर पुन्हा काढावी लागेल.