नऊ व्होल्टची हलगी

सोलापुरात पाण्याची टंचाई असेल, ठोक्यांची नाही. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत शिरलं की यंत्रमागाची खटाखट अजूनही पायाच्या तळव्यांतून वर येते. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघाले की हलगी, गणपतीत लेझीम आणि ढोल-ताशे, आणि तुळजापूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे घरोघरच्या गोंधळात संबळ. अशा गावात टेबलावर वायरी पसरून विजेचा ढोल करत बसायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे माझं मत नाही, आमच्या आईचं आहे. तिचं निम्मं जेवणाचं टेबल मी अडवून ठेवलं होतं, त्यामुळे तिला बोलायचा हक्कही होता.

मजा मात्र मला भलत्याच ठिकाणी सापडली: आवाज संपण्यात.

विजेकडून सूर काढून घेणं फार अवघड नसतं. ट्रान्झिस्टरमधून (सिग्नल मोठा करणारा तीन पायांचा बारका भाग) मोठा होऊन बाहेर पडणारा सिग्नल वळवून पुन्हा त्याच्याच तोंडात घातला की तो कोकलायला लागतो. लग्नाच्या मांडवात कुणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेलं की कानठळ्या बसवणारी शिट्टी घुमते, ती याच कारणाने. पण ढोलाला असा न थांबणारा सूर काय कामाचा? टोला बसला की दणक्यात उठायचं आणि लगेच विरायला लागायचं, एवढंच त्याचं आयुष्य. म्हणून सर्किट असं जुळवायचं की ते आपणहून गाणार नाही, पण गाण्याच्या अगदी काठावर उभं असेल. कुणी डिवचलं की ‘दुम्’, आणि मग आपला दम आपणच सोडायचा.

यासाठी जुनी, भरवशाची जोडणी म्हणजे ट्विन-टी. रेझिस्टर (विजेला अडवणारा) आणि कपॅसिटर (वीज साठवणारा) यांचे इंग्रजी टी अक्षरासारखे दोन आकार समोरासमोर, मध्ये बीसी 547 हा एकच ट्रान्झिस्टर. एका टीमध्ये 100 किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि खाली दुसऱ्या टीतल्याच्या दुप्पट क्षमतेचा कपॅसिटर, दुसऱ्यात 22 नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि खाली पहिल्या टीतल्याच्या निम्म्या ओहमचा रेझिस्टर. दुप्पट कपॅसिटर वेगळा शोधायचा नाही, तेच दोन शेजारी शेजारी जोडायचे की झालं 44. ‘223’ छापलेले सगळे एकाच जातीचे कपॅसिटर मागितल्यावर दुकानदाराने “दुसरं काही नको?” असं दोनदा विचारलं. या आकड्यांवर सूर बसतो सेकंदाला साधारण 72 कंपनांचा, म्हणजे चांगला पोटातला.

तो कानापर्यंत येईल तर शपथ! हातात मावणाऱ्या रेडिओच्या चिमुकल्या स्पीकरला 72 कंपनं झेपत नाहीत. पडदा हलताना दिसतो, ऐकू काही येत नाही. एकतर घरातला मोठा होम थिएटरचा डबा जोडायचा, नाहीतर ‘103’ म्हणजे 10 नॅनोचे कपॅसिटर घालून सूर 160 च्या आसपास चढवायचा. मी दुसरा मार्ग धरला, कारण मोठा डबा टीव्हीला जोडलेला असतो आणि संध्याकाळच्या मालिकांशी कोण पंगा घेणार!

त्या निम्म्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, बसवायचा आणि बारक्या पेचकसाने तो फिरवत राहायचं. सगळा जीव इथे आहे. एका टोकाला नुसतं ‘टक्’, लाकडावर नख मारल्यासारखं. जरा फिरवलं की ‘टुम्’. आणखी केसभर, आणि ‘दुम्म’ अशी गोलाई येते. मग ‘दूऽऽम’, शेपूट लांबत जाते. त्यापुढे पेचकस नुसता टेकला तरी सर्किट ‘हूंऽऽऽ’ करत सुटतं आणि बॅटरी काढेपर्यंत थांबत नाही. चांगला ठोका त्या हुंकाराच्या एक केस अलीकडे राहतो. शिवाय उन्हाळ्यात ती जागाही एका ठिकाणी राहत नाही. ट्रान्झिस्टर तापमानाला हळवा, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसलेला. सकाळी जुळवलेला ढोल दुपारी पुन्हा जुळवावा लागतो. हलगीवालेही मिरवणुकीआधी रस्त्याकडेला कागद पेटवून हलगी शेकतातच की. ऊब लागली की चामडं ताणतं आणि आवाज खणखणीत होतो. चामडं असो की सिलिकॉन, ऊन कुणाला चुकलं आहे?

हलगीचं निम्मं काम उरलंच होतं. जाड काठीचा घुमारा जमला, पण बारीक काडी जो ‘चट्ट’ आवाज काढते त्याला सूरच नसतो, ती नुसती खरखर असते. ही खरखर मिळवायची रीत मला फार आवडते. ट्रान्झिस्टरचे तीन पाय उलटे जोडायचे: एमिटर धन बाजूला, बेस ऋण बाजूला आणि कलेक्टर अधांतरी. त्या दिशेने त्याने 6 व्होल्टच सोसावेत असं माहितीपत्रक बजावतं. आपण मुद्दाम जास्त द्यायचे, अर्थात मध्ये मोठा रेझिस्टर ठेवून. मग आतला सांधा फुटायला लागतो आणि पावसासारखा सळसळता आवाज निघतो. नऊ व्होल्टवर काही नग बोलतात, काही गप्पच राहतात, बाराला बहुतेक सगळे. प्रत्येकाची खरखर वेगळी, म्हणून मूठभर घेऊन एकेक लावून ऐकायचे.

जपानच्या रोलँड कंपनीने 1980 मध्ये टीआर-808 हे ताल वाजवणारं यंत्र काढलं, त्यातही हाच उद्योग होता. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यातल्या खरखरीसाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले. पुढे कारखान्यांचं काम सुधारलं, तसले वाईट नग मिळेनासे झाले, आणि 1983 मध्ये ते यंत्रच बंद झालं. माल चांगला निघतो म्हणून धंदा बसल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. खऱ्या ढोलासारखं वाजत नाही म्हणून सुरुवातीला लोकांनी त्याला नाकं मुरडली होती, आणि पुढे त्याच खोट्या ढोलाने जगभरचं नाचगाणं व्यापलं.

आमच्या गल्लीत एक हलगी वाजवणारे काका आहेत. त्यांना बोलावून ऐकवलं. बटण दाबलं, दुम्. पुन्हा दाबलं, दुम्. काका म्हणाले, “आवाज बरा हाय की. पण सगळे ठोके एकाच वजनाचे पडायलेत.”

बरोबर होतं. बटणाला जोर कळत नाही. म्हणून बझरमधली पितळी पिझो चकती काढून स्टीलच्या डब्याच्या झाकणाखाली चिकटवली. तिच्यावर जेवढा दणका, तेवढी वीज. जोरात हाणलं तर ती कित्येक व्होल्ट फेकते, त्यामुळे पुढे रेझिस्टर आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून ट्रान्झिस्टरला वाचवावं लागतं. आता काकांनी दोन बोटांनी झाकण वाजवायला घेतलं. हलक्या बोटाला हलका ठोका, तळहाताला भारी. त्यांनी नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला ठेका धरला, आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर आली ती माझ्यासाठी नव्हे, हे मला कळतं.

“लेझीम होईल का ह्यात, मामा?” भाच्याने विचारलं. तो शाळेच्या पथकात आहे.

होईल. धातूचा छणछणाट म्हणजे एकमेकांशी न जुळणारे पुष्कळ सूर एकदम. टीआर-808 मध्ये झांजेसाठी सहा ऑसिलेटर, म्हणजे न थांबता सूर काढणारी सर्किटं, एकत्र वाजवत. 40106 नावाच्या एका आयसीत (चिपमध्ये) असे सहा ऑसिलेटर करण्यापुरती सोय असते, किंमतही चहा-भज्यांएवढीच. फक्त सहाचे सहा बेसूर लावायचे, एकही जोडी सुरात येऊ द्यायची नाही. हे काम मी भाच्याकडे दिलं आहे. त्याचं गाणं मी ऐकलेलं आहे.