टोकन नंबर सदतीस

हातात 37 नंबरचं टोकन, आणि समोरच्या पाटीवर नुकताच 12 उजळलेला. म्हणजे वेळच वेळ.

37 ही तशी कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी संख्या. शंभराचा मान नाही, तेराची बदनामी नाही, आणि पाढे पाठ असणारेही तिच्या वाटेला जात नाहीत. जायला हवं. सदतीस त्रिक 111, सदतीस सक 222. शून्य सोडून कुठलाही अंक तीनदा लिहा, 777 म्हणा. त्याला अंकांच्या बेरजेने, 21 ने, भागा. उत्तर 37. प्रत्येक वेळी.

दुसरी गंमत याहून सरस. 37 च्या पटीतली तीन अंकी संख्या घ्यायची आणि पहिला अंक उचलून शेवटी ठेवायचा. 148 चे होतात 481, मग 814. तिघांनाही 37 ने भाग जातो. गुपित एवढंच, की 999 म्हणजे 27 गुणिले 37.

पण यात सदतीसाचं कर्तृत्व किती आणि आपल्या दहा बोटांचं किती? बोटं आठ असती, तर आपण आठाच्या पटीत मोजलं असतं. तिथे सर्वांत मोठा अंक 7, म्हणून 999 चं काम 777 करतं, आणि ते म्हणजे आपले 511: सात गुणिले 73. अंक फिरवण्याचा हा मान गेला असता त्र्याहत्तराकडे, उलट्या सदतीसाकडे! (37 ही बारावी मूळ संख्या आणि 73 एकविसावी. योगायोगच, पण छळतो.)

बोटांशी काही देणंघेणं नसलेलं वेगळेपण तिच्यात आहेच. फ्रेंच गणिती फर्माने 1637 च्या सुमारास (त्या सालातही सदतीस) मांडलेला प्रसिद्ध सिद्धांत (घातांक दोनाहून मोठा असेल तर दोन पूर्ण घातांची बेरीज तिसरा तसाच घात होत नाही) जर्मन गणिती कुमरने 1850 मध्ये 'नियमित' मूळ संख्यांच्या घातांकांपुरता सिद्ध केला. 3 पासून 31 पर्यंतच्या सगळ्या मुकाट रांगेत बसल्या. पहिली अडली ती 37. कसोटी होती बर्नुली संख्यांची, म्हणजे अपूर्णांकांच्या एका ठरावीक मालिकेची: बत्तिसाव्या बर्नुली संख्येचा अंश, उणे चिन्ह सोडलं तर, 7709321041217, आणि नियमितपणा मोडायला त्याला 37 ने भाग जाणं पुरेसं.

फोनवरून ती लांबलचक संख्या टोकनाच्या पाठीवर उतरवली आणि हाताने भागाकार केला. 208360028141, बाकी शून्य.

मान वर केली, तर पाटीवर 41.