‘जन्मतारीख जुळत नाही’: एका फुकटच्या गेमनंतरचा महिना

आधारकार्डाचा फोटो पाठवा, असं फुकट गेम देणाऱ्या एका साइटनं लिहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं. गेम घेताना ईमेल टाकला, एका चौकोनात खूण केली, जन्मतारीख निवडली, एवढ्यावर काम झालं होतं. आणि ‘तुमचे ईमेल नकोत, माझी माहिती पुसून टाका’ म्हटल्यावर आधार!

गेम घेतला होता माझ्या मुलानं. नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या कॉम्प्युटरवर माझं जीमेल उघडंच होतं, त्यानं तोच पत्ता टाकला. ‘पप्पा, फुकट आहे, आज रात्रीपर्यंतच आहे,’ म्हणाला, मीही ‘घे’ म्हणालो. फुकटचे गेम खरेच मिळतात. एपिक गेम्सचं ऑनलाइन दुकान डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं आणि आता दर गुरुवारी काही ना काही फुकट देतं. मे २०२० मध्ये त्यांनी जीटीए फाइव्ह फुकट दिला, तेव्हा गर्दीनं त्यांची साइटच काही तास बंद पडली होती. आमचं भांडण त्या दुकानाशी नाही, दुसऱ्याच एकाशी आहे. त्याचं नाव मी इथं घेत नाही.

पण तो पत्ता माझ्या धंद्याचा होता. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सुताची बिलं, जीएसटीचे ओटीपी, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, सगळं त्याच ईमेलवर. आठवडाभरात दिवसाला पाच-सहा जाहिराती यायला लागल्या. रात्री-बेरात्री फोन वाजायला लागला म्हणून मी ईमेलचा आवाज बंद केला, आणि तिथंच फसलो. पुण्याच्या एका हॉटेलवाल्यानं टॉवेलचं वजन बदलून कळवलं होतं, पाचशेऐवजी साडेपाचशे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. तो ईमेल मी दोन दिवसांनी वाचला. तोवर जुन्या वजनानं माल मागावर चढला होता. गिऱ्हाईक जुनं म्हणून सांभाळून घेतलं. पण त्या दिवशी ठरवलं, हे मुळापासून बंद करायचं.

जाहिरातीच्या तळाशी फिकट अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’ होतं. दाबलं तर लॉगिन मागितलं. लॉगिनचा कोड स्पॅममध्ये जाऊन पडला, सापडेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्या कोडनं आत गेलो तर अकरा चौकोन, सगळ्यांत खूण. एकेक काढली, सेव्ह केलं. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी पुन्हा जाहिरात, पण पाठवणाऱ्याचं नाव वेगळं. मुलाला त्याच साइटवर दुसरा एखादा गेम घ्यायचं पान उघडायला लावलं आणि नीट वाचलं. खाली बारीक अक्षरांत ‘आम्ही आणि आमचे भागीदार’ असं होतं आणि तिथली खूण त्यांनीच आधी करून ठेवलेली.

मग तक्रार केली. उत्तर आलं: ओळख पटवण्यासाठी खातं उघडताना दिलेली जन्मतारीख सांगा. मी मुलाची खरी तारीख दिली. ‘जन्मतारीख जुळत नाही.’ मुलाला विचारलं, तो मान खाली घालून उभा. वय कमी दिसलं तर गेम मिळणार नाही म्हणून त्यानं वर्षांची यादी खाली ओढली होती आणि जिथं थांबली ते वर्ष निवडलं होतं. ‘आठवत नाही की, पप्पा.’ दोघांनी बसून अंदाज लावले. १९९०, जुळत नाही. १९८५, जुळत नाही. मग तक्रारच आपोआप बंद. नवी तक्रार, नवा नंबर, नवा माणूस, पहिल्यापासून तेच प्रश्न. तिसऱ्या वेळेला आधारकार्ड. आणि खात्यावरचं नाव तर मुलानं ठेवलेलं टोपणनाव. माझं आधार त्याच्याशी जुळणार तरी कसं? ज्यांच्याकडची माहिती कमी करायची, त्यांनाच आणखी माहिती द्यायची, हे मला पटेना. आधार मी दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.

वाट सापडली ती त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीत. पार तळाला कंपनीचा पत्ता होता, युरोपातल्या एका शहराचा. माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, मग जीडीपीआर लावा की.’ लोकांची खासगी माहिती जपायचा हा युरोपचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. कंपनीचं बस्तान युरोपात असेल, तर तिनं हाताळलेल्या माहितीला तो लागू होतो, माणूस सोलापूरचा असला तरी. कलम १७ माहिती पुसायला लावण्याचं, कलम २१ जाहिराती थांबवायचं. उत्तर एका महिन्यात द्यावं लागतं. आणि आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे, हे तिथल्या न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्येच एका ऑनलाइन सोडतीच्या खटल्यात सांगून ठेवलंय.

त्या रात्री नळाला पाणी आलं होतं. बायको गच्चीवर टाकी भरत होती, मोटार चालू, आणि मी खाली पत्र लिहीत बसलो. साध्या इंग्रजीत, दहा ओळी. त्याच ईमेलवरून लिहिलं. जन्मतारीख अल्पवयीन मुलानं चुकीची भरली हे सरळ कबूल केलं. पुरावा म्हणून गेम घेतल्यावर आलेली शून्य रुपयांची पावती जोडली. तिच्यावर ऑर्डर नंबर होता. ही पावती मी कधीच डिलीट केली असती. मुलानं ठेवली होती म्हणून वाचलो. तुमच्याकडे असेल तर जपून ठेवा.

एकोणिसाव्या दिवशी ओळीभर उत्तर आलं: खातं आणि माहिती काढून टाकली. कारखान्यात होतो, तिथल्या तिथं सगळ्यांना चहा सांगितला. घरी मात्र मुलगा दोन दिवस बोलला नाही. खात्याबरोबर गेमही गेला, आणि निम्मा खेळून झाला होता त्याचा. नुसत्या जाहिराती बंद केल्या तर घेतलेला गेम जात नाही, खातं पुसलं तर जातो. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं.

आता गेमसाठी त्याला वेगळा ईमेल काढून दिलाय. तेवढंही नको असेल तर जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द टाका. ईमेल तुमच्याकडेच येतो आणि पत्ता कुणी पुढे दिला ते कळतं. पण काही साइट ते चिन्ह घेत नाहीत. आणखी एक, मला उशिरा कळलेलं. फेब्रुवारी २०२४ पासून, जे जीमेलवाल्यांना दिवसाला पाच हजारांवर ईमेल धाडतात, त्यांनी जाहिरातीतून एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्यायला हवी, असा गूगलचा नियम आहे. वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ते बटण दिसतं. तळाच्या फिकट अक्षरांपेक्षा आधी ते बघा. अनोळखी, संशयास्पद ईमेल असेल तर मात्र काहीच दाबू नका, सरळ स्पॅममध्ये टाका.

माहिती जपायचा आपला भारताचा कायदाही झालाय, २०२३ चा. संमती देण्याइतकंच ती काढून घेणंही सोपं हवं, अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती हवी, हे त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. मी त्या दिवसाची वाट बघतोय.

त्या ‘भागीदारा’चे ईमेल अजून येतात. त्यालाही तेच पत्र पाठवलंय, त्याच पावतीसह. आज बारावा दिवस.