मारबत, बडग्या आणि मर्टनची प्रकार्ये

समाजशास्त्राच्या पेपरात प्रकट आणि अप्रकट प्रकार्ये (एखाद्या प्रथेचे उघड आणि नकळत होणारे परिणाम) आली की नागपूरचे विद्यार्थी हमखास मारबतीचं, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जावी म्हणून मिरवून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्याचं, उदाहरण देतात. उदाहरण झकास आहे, मांडणी मात्र बऱ्याचदा फसते. 'रोगराई हाकलणे' हे प्रकट प्रकार्य आणि बडग्यांमधून (मारबतीसोबत निघणाऱ्या, चालू प्रश्नांवरच्या पुतळ्यांमधून) होणारी टीका हे अप्रकट प्रकार्य, असं लिहून मोकळे होतात. दोन्ही चूक.

आधी बडग्या घ्या. महागाईचा, भ्रष्टाचाराचा बडग्या मंडळं मुद्दाम तयार करतात, त्यावर खोचक मजकुराच्या पाट्या लावतात आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर बाजारातून मिरवतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९४९ मध्ये केलेली व्याख्या अशी: करणाऱ्यांना हवा होता आणि त्यांना कळतोही, असा परिणाम प्रकट, जो हवाही नव्हता आणि लक्षातही आला नाही, तो अप्रकट. टीका हवी म्हणूनच तर बडग्या करतात. मग ती अप्रकट कशी?

रोगराईची गोष्ट जरा खोल आहे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' हा घोषणेतला हेतू झाला. प्रकार्य म्हणजे हेतू नव्हे. प्रत्यक्ष घडणारा, बाहेरून तपासता येणारा आणि व्यवस्थेला टिकून राहायला मदत करणारा परिणाम. पुतळा जाळल्याने ताप जात नाही, तेव्हा तो हेतू हेतूच राहतो. मर्टनचं स्वतःचं उदाहरण अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या पावसासाठीच्या विधींचं आहे. विधीने पाऊस पडत नाही, पण विखुरलेली माणसं ठरावीक काळाने एकत्र येतात आणि गटाची वीण घट्ट होते, हे त्याला दाखवायचं होतं.

मग मारबतीत अप्रकट काय शोधायचं? वर्गणी गोळा करणं, पोलिसांशी बोलणं, मिरवणूक सांभाळणं यांतून मोहल्ल्यातली पोरं संघटनेचं काम शिकत असतील, तर तो एक उमेदवार. पण मंडळाचे काका स्वतःच 'पोट्टे तयार होतात' म्हणाले, तर लक्षात न येण्याची अट तरी तुटली. हवा नव्हता पण कळतो, अशा परिणामाला मर्टनच्या या दोन खणांत नीट जागाच नाही. उत्तरात हे लिहायला कचरू नका. परीक्षकाला तेच वाचायचं असतं.

प्रकल्प करत असाल तर पाच रकाने आखा: परिणाम, कुणासाठी, हवा होता का, कळतो का, पुरावा. 'कुणासाठी' सोडला की सगळा घोळ होतो. त्याच गर्दीने फुगेवाल्याची कमाई होते आणि रस्ता बंद झाल्याने शेजारच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटतं. एकाचं प्रकार्य ते दुसऱ्याचं अपकार्य, म्हणजे मारक परिणाम. अपकार्य म्हणजे अप्रकट नव्हे, हेही इथेच पक्कं करून टाका. वाहतूक कोंडी हवी कुणालाच नसते, पण दिसते सगळ्यांना.

मुलाखतीत प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. 'यामुळे एकोपा वाढतो ना?' असं विचारलंत की समोरचा 'हो, वाढतो ना' म्हणणारच. त्याला जे सुचलं नव्हतं ते तुम्हीच सुचवलंत, आता 'कळतो का' हा रकाना निकामी. आधी 'हे कशासाठी करता?', मग 'मारबत नसती तर काय अडलं असतं?', आणि एकोप्याचं नाव त्याने घेतलं तरच पुढे खोदा. एकोपा वाढतो हे नुसत्या बोलण्यावरून लिहू नका. मारबतीत भेटलेली माणसं पुढे लग्नकार्यात, दवाखान्यात, गणपतीच्या मांडवात एकमेकांसाठी उभी राहतात का, ते विचारा. आणि हेच काम गणपतीचं मंडळ एकटं करू शकत असेल, तर तो मर्टनचा 'प्रकार्यात्मक पर्याय' झाला. मग मारबतीवाचून मोहल्ला टिकणार नाही, हे वाक्य उत्तरातून खोडा.