इको झालाय की तुमचा!

स्ट्रोकनंतरचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर, छातीवरून केलेला इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळं भराभर झालं. मेंदूतली गुठळी कुठून आली ते मात्र कळेना, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी घशातून करायचा इको सांगितला. चिठ्ठीवर लिहिलं नुसतं ‘इको’.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "इको झालाय की तुमचा! नॉर्मल आहे." हा वेगळा, म्हटलं, तर त्यांनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. डॉक्टर राउंडवर. नवी चिठ्ठी मिळाली, तिच्यावर शिक्का नव्हता. शिक्का आणला, तर "तपासणी पुन्हा का, ते लिहून आणा." स्ट्रोकमधून उठलेल्या माणसाला हे जिने चढायला लावणाऱ्याला काय म्हणावं? शेवटी एका तरुण डॉक्टरने तिथेच उभ्याउभ्या समजावलं. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडतात तेव्हा, गुठळी बहुतेक तिथेच धरते आणि छातीवरून ती पिशवी नीट दिसत नाही. अन्ननलिका त्या कप्प्याला अगदी लागून, मागून जाते. तिथून चित्र स्वच्छ येतं. एवढंच चिठ्ठीवर लिहिलं असतं तर! तुम्ही मात्र चिठ्ठीवर ‘टीईई’ हे या घशातून करायच्या इकोचं नाव आणि कारण, दोन्ही लिहून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.

तपासणीचं म्हणाल तर घशात कडू स्प्रे, झोपेचं इंजेक्शन, डाव्या कुशीवर झोपणं, संपलं. बबल टेस्ट असेल तर हवेसोबत घुसळलेलं सलाईन शिरेतून देतात आणि कुंथून एकदम सोडायला सांगतात. फार गुंगी आली की ते जमत नाही, आधी सराव करून ठेवा. बुडबुडे दोन-तीन ठोक्यांत डावीकडे दिसले, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात वाट आहे असं धरतात.

माझ्यात ती वाट निघाली, तिलाच पीएफओ म्हणतात. पण साधारण चारातल्या एका माणसात ती जन्मापासून उघडीच असते, त्यामुळे गुठळी त्याच वाटेने आली असं लगेच ठरत नाही. गुठळी सापडली नाही. आता ठोक्यांची नोंद करणारं होल्टर लावलंय, ती वाट बंद करायची की नाही ते नंतर ठरेल.

हो, राहिलंच: किमान सहा तास उपाशी जायचं. कवळी काढून ठेवायची. गिळायला त्रास किंवा अन्ननलिकेचं जुनं दुखणं असेल तर आधीच सांगायचं. घसा बधिर आहे तोवर पाण्याचा घोटही नको आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवायची.